माझी खुर्ची धर

प्रिय दादा,

आज सकाळी स्पर्धा समितीची माणसं घरी येऊन गेली, म्हणून लिहायला बसले. नाहीतर मी आणि पत्र? तू होतास तेव्हा कधी एक ओळ खरडली नाही. मनात आलं की डबा भरायचा, रोह्याला गाडीत बसायचं, जिते स्टेशनवर उतरायचं आणि खाडीच्या अंगाला चालू लागायचं. आता कुठल्या गाडीत बसू, तूच सांग!

ते म्हणाले, यंदा पुन्हा रोह्यात आंतरराष्ट्रीय कबड्डी. परदेशी संघ येणार, मंडप गेल्या वर्षीपेक्षा मोठा, आणि मैदानाला तुझं नाव. अंतिम सामन्याच्या दिवशी नारळ फोडायला मी हवी. मी विचारलं, तारीख कुठली? तर अध्यक्ष हसत म्हणाले, "माघातली पौर्णिमा, ताई. गावागावांतून लोक येतात, सामने संपले की चांदण्यात घरी जायला बरं."

माझ्या हातातला चहाचा ट्रे खाली आदळला. खोटं नाही सांगत. त्यांना वाटलं, भावाच्या आठवणीनं गलबलली बिचारी. मेल्यांनो, पौर्णिमा म्हणजे नुसतं चांदणं असतं का रे?

तुला आठवतं ना, गेल्या वर्षी अख्खं रोहा कसं येडं झालं होतं? आमच्या आळीत भिंतींना चुना लागला. नळाला दोन्ही वेळ पाणी आलं, तेव्हा तर बायका म्हणाल्या, असे पाव्हणे रोज येऊ देत. शेजारच्या हन्नाआजीनं, तिचे सगळे लेक इस्रायलला गेल्यापासून बंद असलेल्या दोन खोल्या उघडून दिल्या. जपानची पोरं राहिली तिथं. आजी म्हणायची, "आमची पोरं परदेशी गेली, आता परदेशची पोरं माझ्या घरी आली. देवाची करणी!" मी त्यांच्यासाठी मिरची न घालता कालवण केलं. तू चाखून म्हणालास, "हे काय गो, आजाऱ्याचं पाणी?"

आणि मैदान! ते तुझ्याशिवाय कोण करणार होतं? माती चाळायची, खडा न् खडा हातानं वेचायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग अनवाणी चालून बघायचं. पोरांची ढोपरं फुटता कामा नयेत म्हणायचास. आपल्या गावातले सगळे बाप्ये तुझ्यामागून रोह्याला आले. कोणी मंडपाचे बांबू रोवले, कोणी लाकडी गॅलऱ्या बांधल्या. आपल्या गावात तिघांमागे एक कबड्डी खेळलेला, कोणाला घरी बसवणार?

पण दादा, ते दिवस जोळीचे होते रे! तू विसरलास कसा? भात झोडून झालं की घरटी एक माणूस, आपापलं घमेलं घेऊन, खाडीचा बांध दुरुस्त करायचा. आबांच्या आधीपासून चालत आलेलं. माझ्या मुलांना हे सांगितलं तर ती विचारतात, पगार किती मिळायचा? काय सांगू त्यांना! बांध राहिला तर शेत राहतं, एवढाच पगार. तू म्हणालास, "स्पर्धा होऊन जाऊ दे, मग घालू जोळ." ह्या एका वाक्यासाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

जोळ राहिली ती राहिली, पण राखणही राहावी? उधाणाच्या दिवशी बांधावर पाळीनं माणूस बसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खेकड्यानं पोखरलेलं बीळ वेळेत दिसलं तर मूठभर चिखलानं बुजतं. नाही दिसलं तर दुपारपर्यंत तिथं खांड पडते, आणि अख्खी खाडी शेतात येते.

अंतिम सामन्याचा तो दिवस, तीही माघातली पौर्णिमा, उधाणाची. सकाळच्या गाडीनं सगळं गाव रोह्यात हजर. तुझी खुर्ची पुढच्या रांगेत, कारण तुझा सत्कार होता. पांढरा शर्ट मीच इस्त्री करून दिला होता. उपांत्य सामना ऐन रंगात आला होता आणि तू मागे वळून गाववाल्यांच्या रांगेकडे बघितलंस. बघतच राहिलास. मग उठून त्यांच्याकडे गेलास. तिथं काय बोलणं झालं ते मला पांडूतात्यानं नंतर रडत रडत सांगितलं. तू विचारलंस, "आज बांधावर कोण हाय?"

तात्या म्हणाला, "खालची आळी ना?"

खालच्या आळीचा म्हणाला, "नाय, आज वरच्यांची पाळी."

वरच्या आळीचा म्हणाला, "आमाला वाटलं, तुमी मॅच बघायला निघालात म्हंजी कोनी तरी मागं ठेवलाच असाल!"

सगळा बांध त्या एका रांगेत बसला होता रे, दादा. भुईमुगाच्या शेंगा खात.

तू माझ्याकडे आलास. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "काय नाय गो. जरा जाऊन येतो. माझी खुर्ची धर."

एवढंच! मला सांगितलं का नाहीस? त्या रांगेतल्या चार जणांना उठवून बरोबर का नेलं नाहीस? सामना मोडेल, पाव्हण्यांसमोर गावाची शोभा होईल, म्हणून? काय ही तुझी इज्जतीची हौस! मी आपली पर्स तुझ्या खुर्चीवर ठेवली. कोणी बसायला आलं की म्हणायची, "दादा येतोय माझा."

बाकीचं वहिनीच्या तोंडून ऐकलं. तू जिते स्टेशनपासून पळत आलास. शर्टसुद्धा बदलला नाहीस. फावडं उचललंस आणि तिला म्हणालास, "पेंढा घेऊन ये." ती दोन भारे डोक्यावर घेऊन तुझ्या मागं धावली. पाणी बांधाच्या काठोकाठ, आणि खांड म्हैस आरपार जाईल एवढी. तू वर उभा राहून ढेकळं लोटत होतास. तिनं हाक मारली, "अवो, मागं व्हा!" तू मागं वळलास आणि तुझ्या पायाखालचा बांध खचला, तुला घेऊनच. ती ओरडत गावात आली, तर गावात म्हाताऱ्या आणि कोंबड्या. कोण येणार होतं?

इकडे माइकवरून तुझ्या नावाचा पुकारा चालला होता. एकदा झाला. दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा त्यांनी "जिथे असतील तिथून त्वरित स्टेजकडे यावं" म्हटलं, आणि लोक हसले. मीही चिडले, म्हटलं, हा शहाणा वडा खायला गेला असेल. शेवटी तुझी शाल आणि नारळ मलाच दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या रे, दादा. त्या टाळ्या अजून कानातून जात नाहीत.

स्पर्धेचं काय झालं विचारशील तर रोहेकरांत अजून दोन तट आहेत. एक म्हणतात, गावाचं नाव झालं, जगाच्या नकाशावर गेलो. दुसरे म्हणतात, नळाचं पाणी पाव्हण्यांबरोबरच गेलं, बांबूंच्या खड्ड्यांत गुरं पाय मोडून घेतात. बाजारात गेले की दोन्हीकडचे मला विचारतात, ताई, तुम्हाला काय वाटतं? मी पिशवी उचलून चालू लागते. मला काय वाटतं ते ऐकायची कोणाची छाती आहे?

आता खरं सांगते. खांड तशीच आहे. मागं माती टाकून बुजवली होती, पावसाळ्यात पुन्हा गेली. आपलं शेत मिठानं पांढरं पडलंय, लावणी झालीच नाही. विहिरीचं पाणी खारटलं. या पौर्णिमेच्या उधाणाआधी ती बांधली नाही, तर उरलेलाही बांध वाहून जाईल, आणि मग ती जमीन आपल्या हयातीत पिकायची नाही. वहिनी म्हणते, "उधाण आत आलं की मी पनवेलला भावाकडं जातंय. या चिखलाकडं आता बघवत नाय." ती गेली की दादा, आपल्या घराला कुलूप. माझं माहेर संपलं.

म्हणून मी गावात घरोघर फिरले. जोळ घाला रे, पाया पडते. एकजण म्हणाला, "कंपनीत शिफ्ट हाय, खाडा झाला तर परमनंट करायचा नाय." दुसरा म्हणाला, "सरकार बांधील." आणि पांडूतात्या मान खाली घालून म्हणाला, "हाक मारनारा गेला, गो. हाकेशिवाय जोळ व्हत नाय." मी तिथंच ओरडले, मग मी मारते हाक! तर मागून कुजबुज, माहेरवाशिणीची पाळी नसते. तुझ्या पश्चात घरात बाप्या नाही, म्हणून आपलं घर पाळीतून गाळलंय म्हणे. गाळलंय! ज्या घराचा माणूस त्या बांधात गेला, ते घर!

आणि आता पुन्हा तोच मुहूर्त. पुन्हा सगळं गाव त्या मंडपात, तुझ्याच नावाच्या मैदानावर. मी अध्यक्षांना म्हटलं, तारीख बदला. ते म्हणाले, "ताई, परदेशी संघांची तिकिटं झालीत." आमचे हे म्हणाले, नाही म्हणू नकोस, भावाचं नाव होतंय. मी काय करू रे? कोणाच्या दारात जाऊन डोकं आपटू? तू असतास तर एक शिवी हासडून सगळ्यांना बांधावर उभं केलं असतंस!

नारळ फोडायला मी जाणार नाही. हे सकाळी सांगितलं नाही, आता तुला सांगते. पौर्णिमेला मी पहिल्या गाडीनं निघेन. वहिनीला उठवेन. आपल्या घराचं घमेलं घेऊन आम्ही दोघी खांडीवर बसू, पेंढ्याचे भारे शेजारी ठेवू. दोन बायकांनी खाडी अडते का? नाही अडत, मला ठाऊक आहे. पण स्टेजवरून माझ्या नावाचा पुकारा होईल. एकदा होईल, दोनदा होईल. तिसऱ्यांदा होईल तेव्हा ती रांग एकमेकांकडे बघेल, आणि मी कुठे आहे हे कोणालाही विचारावं लागणार नाही. मग उठायचं की शेंगा खात बसायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

शाल बरोबर आणते. तुझी होती, तुला पोचली नव्हती.

खुर्ची धर म्हणाला होतास ना, दादा? खुर्ची त्या मंडपवाल्यानं नेली. मी बांधावरची तुझी जागा धरते. कोणी हटवायला आलं तर सांगेन, दादाची आहे.

तुझीच,
बेबी