न विचारता घेतलेलं 'कबूल'

मंगळवार, १३ जानेवारी १९९८

आज जुन्नर कोर्टात माझ्यासमोर वाहतुकीचेच खटले होते. लोक आरोप ऐकायच्या आत 'कबूल' म्हणतात, मी शिक्षा सुनावून मोकळा होतो.

राजुरीचे एक म्हातारेही तसंच म्हणाले. आरोप विनापरवाना मोटारसायकल चालवल्याचा. वय सत्तरीपुढचं दिसलं, म्हणून विचारलं, "बाबा, गाडी तुम्हीच चालवत होता?"

"न्हाई साहेब, मला सायकलबी येत नाय. गाडी माझ्या नावावर हाय, चालवतो पोरगा."

"मग कबूल का म्हणालात?"

"समदे म्हनत व्हते."

त्यांचा कबुलीजबाब रद्द केला. दुपारनंतर प्रत्येकाला आरोप समजावून सांगितला. दोघांनी 'नाही' म्हटलं. काम लांबलं, शिपाई कुरकुरला.

पण सकाळच्यांना मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांच्यातले किती जण नुसतेच 'कबूल' म्हणाले असतील?