अखजीच्या आधी आंबा नाही

बाभुळगाव,
दि. २२ एप्रिल २०२४

सौ. तुळसास,
अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे, आणि हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. खरोखर धडधाकट आहे, दोन्ही वेळा जेवतो आहे. गावात हे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तुला लिहून कळवतो.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण त्या फोनवर बोलायची सोय कुठे आहे? मी हॅलो म्हणायच्या आत अर्पिता तो स्पीकरवर टाकते. मग जावईबापू कपिलराव नमस्कार करतात, सोनूला "आजोबांना टाटा कर" म्हणतात, तेवढ्यात मिक्सर सुरू होतो, आणि तू कुठेतरी मागे अर्धं वाक्य बोलून गप्प होतेस. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. खच्चून भरलेल्या उमरखेड गाडीतही मी ड्रायव्हरशी याहून जास्त खासगी बोललो आहे.

तर मूळ मुद्दा. मी अन्न सोडलेलं नाही.

झालं ते असं. तू संक्रांतीनंतर गेलीस तेव्हा सकाळचे पोहे मी स्वतः करून पाहिले. एक दिवस ते कोरडे राहिले, दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा झाला, तिसऱ्या दिवशी फोडणी जळून घरभर धूर झाला. पुढे ऊन तापलं तशी दुधाचीही रोज वाट लागायला लागली. सकाळी सातला गॅससमोर उभं राहिलं की बनियन भिजतं. मग एकदा बाजारातून खरबूज आणलं, रात्रभर माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवलं, आणि सकाळी अंगणात आंब्याखाली खाट टाकून कापलं. वर थोडं मीठ आणि जिरेपूड. तुळसा, खोटं सांगत नाही, नोकरीभर स्टँडवरचे आलूबोंडे गिळले, पण नाश्ता म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून तेच चालू आहे. कधी टरबूज, कधी आपल्याच झाडाची पपई लिंबू पिळून. आठवडी बाजारात जंगलाकडची एक बाई टेंभरं घेऊन बसते, ती आणली की बिया थुंकत तासभर जातो. गॅस पेटवायचा नाही, कढई घासायची नाही. साली विमलताईंच्या बकरीला. ऊन अंगणात यायच्या आत सगळं आटोपलेलं. इतकं साधं सुख, पण आपल्या लोकांना ते बघवेल तर ना.

आपल्याकडे माणूस सकाळी फळं खातो तो एक तर उपासाला नाही तर सलाइन लागल्यावर, याच्या पलीकडे कोणाची अक्कल जात नाही. विमलताई कुंपणावरून रोज डोकावतात. पहिल्या दिवशी विचारलं, "भाऊजी, उपास आहे काय आज?" नाही म्हटलं. चार दिवसांनी पुन्हा, "रोजच कायचा उपास जी?" मी म्हटलं, उपास नाही, आवडतं म्हणून खातो. त्यावर त्यांनी असा चेहरा केला की मलाच वाईट वाटलं. मी दुपारी खिचडी टाकतो आणि रात्री भाकरी भाजतो, ते दार लोटून, उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून. ते कोणाला दिसत नाही. दिसतं ते फक्त टरबूज.

पुढे डोमाजी आला. माझा जुना ड्रायव्हर, तीस वर्षांचा सोबती, पण हातात सफरचंदं आणि बिस्किटांचा पुडा. पेशंटपाशी बसतात तसा खाटेच्या कडेला बसला, बराच वेळ गुडघे चोळले आणि म्हणाला, "घनश्याम, माणसानं मनाले लावून घेऊ नये. वहिनी येतीनच." मी त्याला तिथल्या तिथे खरबुजाची फोड दिली. त्याने ती प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली. आता अशा माणसाला काय समजावणार? त्याच्यामागे रोज कोणी ना कोणी डबा घेऊन येतं. फ्रिजमध्ये तीन घरच्या वांग्याच्या भाज्या पडून आहेत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण विमलताईंनी अर्पिताला फोन केला आणि परवा तिचा मला आला. "बाबा, तुम्ही अन्न सोडलं म्हणे?" मी सांगायला लागणार, एवढ्यात मागून तुझा आवाज आला. "त्यायले सांग, असे उपाशी राहून हट्ट केले तं मी काही येत नाही म्हणा."

जावयासमोर. स्पीकरवर.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. म्हणजे चाळीस वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस? बायकोला परत आणायला उपाशी बसणारा माणूस आहे का मी? आणि बसलोच, तर फळं खाऊन बसेन? धड उपास तरी करीन.

तू महिनाभरासाठी गेली होतीस, सोनूला पाळणाघर मिळेपर्यंत. पुण्यासारख्या शहरात तीन महिन्यांत एक पाळणाघर मिळू नये याचं मला नवल वाटतं, पण मी विचारलं नाही. आता अर्पिता म्हणते, बाबांनीही इकडेच यावं, घर भाड्याने द्यावं, त्या उन्हात एकट्याने राहून करायचं काय. पोरगी मायेनेच बोलते, मला समजतं. जावईबापूही चांगले आहेत. मला एवढंच समजत नाही की यात तुझं म्हणणं काय आहे. ते तू आजवर एकदाही बोलली नाहीस. तुला तिकडेच राहायचं असेल तर तसं तूच सांग, तुझ्या तोंडाने. पोरीच्या तोंडून नको.

एक गोष्ट मात्र रोज मनात येते. मी ड्युटीवर असताना तू पहाटे उठून स्टोव्हपाशी, पुढे गॅसपाशी, आणि मी बाहेर ताटासमोर. निवृत्त झालो तरी तेच. सकाळी तू माझ्यासमोर कधी बसलीच नाहीस. आता खाटेवर खरबूज कापतो तेव्हा वाटतं, यात करायला कोणालाच काही नाही, दोघंही बसू शकतो. मी अर्धं तुझ्या वाटणीचं म्हणून कापून ठेवतो आणि उरलेलं अर्धं दुपारपर्यंत माश्या खातात.

बाकी काही विशेष नाही. गेल्या आठवड्यात वादळ झालं, अंगणातल्या आपल्या शेप्याचे बरेच आंबे पडले. चांगले वेचून मागच्या खोलीत गव्हाचं काड पसरलं आणि त्या गव्हांड्यात पिकायला घातले आहेत. वास आत्ताच माजघरापर्यंत येतो. आईने ते झाड लावलं तेव्हापासूनचा नेम तुला ठाऊक आहेच. अखजीला घरच्या बाईने घागर भरायची, पितरांना आंबा दाखवायचा, त्याच्या आधी कोणी आंब्याला तोंड लावायचं नाही. यंदा विमलताई म्हणाल्या, तुळसाबाई नाहीत तर मी येऊन भरून देते. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मी नास्तिक झालो.

तर हट्टाचं काढलंस म्हणून लिहितो, आणि हे जावयाला वाचून दाखवू नकोस. अन्न मी सोडलेलं नाही. आंबा सोडला आहे. कॅलेंडरात अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली अखजी, दहा मेला आहे. तू आलीस तर घागर भरली जाईल. नाही आलीस तर यंदा पितर तहानलेले राहतील, आंबे गव्हांड्यात सडतील, आणि मी पपई खाईन. हा हट्टच आहे.

सोनूला पापा.

तुझा,
घनश्याम


पुणे,
दि. ३० एप्रिल २०२४

अर्पिताच्या बाबांना नमस्कार.

पत्र पोचलं. कपिलरावांनी न फोडता हातात दिलं. अर्पिताने तीनदा विचारलं काय लिहिलं आहे. पोहे कसे करायचे ते विचारलं आहे, असं मी सांगितलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना वाचलं, दोनदा.

मी स्पीकरवर बोलले ते चुकलंच. पण विमलताईंनी सांगितलं ते मला खरंच वाटलं होतं. पोरीसमोर रडायचं नव्हतं म्हणून ओरडले. तुम्हीही काही कमी नाही. तीन महिन्यांत एकदाही "ये" म्हणाला नाहीत. दर वेळी काय, तर "सावकाश ये, माझं छान चाललं आहे." छान चाललं आहे तर बाई कशाला येईल? पाळणाघर मार्चमध्येच मिळालं होतं. तुम्ही बोलवाल म्हणून थांबले होते.

आता माझं ऐका. इथे होळीपासून हापूसच्या पेट्या येतात. कपिलराव रोज सकाळी हौसेने कापून माझ्यासमोर बशी ठेवतात. मी म्हणते, मला आंबा उष्ण पडतो. चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी पोरीने मला दवाखान्यात नेलं. आईला शुगर झाली आणि ती लपवते, असं तिच्या डोक्यात बसलं. उपाशीपोटी रक्त काढलं, जेवून काढलं. काही निघालं नाही. तरी ती अजून संशयाने पाहते. तुम्हाला गावाने आजारी ठरवलं, मला तुमच्या लेकीने. अखजीच्या आधी मी आंबा कशी खाईन, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते जाऊ द्या, तुमच्याही आलं नाही.

सात तारखेच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला लावलं आहे. घर भाड्याने द्यायचं की नाही, ते तिथे खाटेवर बसून बोलू. माझं म्हणणं मी तेव्हा सांगेन, आणि ते तुम्हाला पूर्ण ऐकावं लागेल. हिवाळ्यात सोनूच्या सर्दी-तापात पोरीचे हाल होतात, तेव्हा दोघांनी इकडे यायचं, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

नवी घागर तुम्ही आणू नका, विमलताईंना आणायला सांगा. तुम्हाला ती वाजवून घेता येत नाही. फ्रिजमधल्या वांग्याच्या भाज्या बकरीला घाला. गव्हांड्यातले आंबे दाबून पाहू नका, मी येऊन पाहीन.

सकाळी खरबूज अर्धंच कापा. माझं मी कापून घेईन, तुमच्यासमोर बसून.

अजून आंबा न खाल्लेली,
तुळसा