बाहेरची मदत

१२ डिसेंबर, शुक्रवार

मोनिकाच्या सायकलीत हवा भरत होतो, तर तिनं पंप हातातून काढून घेतला. "आजपासून माझं मला, विश्वजित."

शर्यत उद्या आहे. आजच कशाला?

पिशव्या तिनंच बांधल्या. हँडलला झोपायची पिशवी, सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात ट्यूब, चेनच्या कड्या, टायर शिवायची सुई. खालच्या मजल्यावरच्या यमुनाकाकू डबा घेऊन आल्या. "अंगात रक्त नाही अजून, अन् डोंगरात एकटी? तू तरी सोडतोस कसा रे हिला?" मोनिका हसली. बऱ्याच महिन्यांनी.

डबा तसाच राहिला.

१३ डिसेंबर

मुकुंदवाडीत सोमनाथचं सायकलचं दुकान आहे, शर्यतही त्याचीच. दुकानासमोर त्यानं नियम सांगितले. अजिंठ्याच्या डोंगरातून फिरून परत इथंच. वाटेत विकत घ्या, अनोळख्यानं पाणी दिलं तर प्या. पण आपल्या माणसानं आधी सांगून ठेवलेलं काही चालणार नाही. "नवरा दिसला रस्त्यात, तर राम राम करायचा अन् पुढं व्हायचं!" सगळे हसले. मोनिकानं माझ्याकडं पाहिलं नाही.

प्रत्येकाजवळ ट्रॅकर. फोनवर तिचा ठिपका दिसतो. संध्याकाळी कन्नडच्या अलीकडं होता.

१४ डिसेंबर

मार्चमध्ये बाळ गेलं. सातव्या महिन्यात, पोटातच. तेव्हापासून घरात माणसं, डबे, फोन. मी तर तिचा पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवायचो. एकदा म्हणाली, "सगळ्यांनी धरून ठेवलंय मला. पडू तर द्या." वाक्य चांगलं आहे, असं माझ्या मनात आलं. मराठीचा मास्तर ना!

सायकलीवर एवढं काय मिळतं, तेही विचारलं होतं. "तिथं काय मोडलं ते दिसतं. जोडता येतं. नाही आलं तर ढकलत न्यायचं."

दुपारी ठिपका हलेना. गाडी काढली.

घाटात, रस्त्याच्या खाली, ओढ्याकाठी बसली होती. टायर मांडीवर घेऊन शिवत होती. दातांत दोरा. गुडघा फुटलेला. आणि गुणगुणत होती! मी पळसाआड उभा राहिलो. इतकी बरी ती घरात दिसली नव्हती.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. नाही फिरलो. वरच्या वळणावर दगडाबाईंचं हॉटेल, त्या चूल विझवत होत्या. म्हणालो, "मावशी, माझी बायको येईल मागून, सायकलवर. तेवढी चूल पेटती ठेवा." माझा नंबरही देऊन आलो.

कुणाला कळणार आहे?

१५ डिसेंबर

सकाळी दगडाबाईंचा फोन. आवाजात आनंद.

"जेवल्या बरं का, सर! लई भुकेल्या व्हत्या. पिठलं दोनदा घेतलं. पैसे द्यायल्या, मी घेतलेच नाय. म्हणलं, बाई, नशीब काढलंत. तुमचे मालक सोता येऊन चूल पेटती ठेवाया सांगून गेले."

"मग?"

"मग काय नाय. ताट धुतलं त्यांनी. मी नको म्हणले तरी धुतलं. डोळ्यांत पाणी आलं जरा. धूर लागला म्हणाल्या."

"आणि?"

"पडवीत झोपल्या. उठल्या तवापासून बसल्याच हायेत, व्हय. सायकलीकडं बघत."

दुपारी सोमनाथचा फोन. "सर, वहिनींनी नाव काढून घेतलं."

"कुणी तक्रार केली?"

"छे! कुणाला पत्ताच नव्हता. त्यांनीच कळवलं. बाहेरची मदत मिळाली म्हणे."

"बाहेरची?"

"नियमातला शब्द आहे, सर."

चूक माझी, तिला कशाला काढता, म्हणालो. तो म्हणाला, "ते त्यांना पण माहितीये. मी म्हणलो, वहिनी, जेवण कुणी बघितलंय? चालू द्या. तर म्हणाल्या, मला माहितीये ना."

संध्याकाळी सोमनाथची जीप जाणार आहे, ट्रॅकर आणायला, तिला आणि सायकलला आणायला. मी येतो म्हणालो.

"नको सर. राहू द्या."

गादीवरची चादर बदलली. पाणी तापवायचं का, ठरेना. ते तिचं तिनं तापवावं. तिला फोन लावला — बंद. फोनवर ठिपका हॉटेलपाशीच.

१६ डिसेंबर

सकाळी जीप परत आली. ट्रॅकर होता, मोनिका नव्हती. ट्रॅकर त्याच्या हातात दिला आणि सायकलवर पुढं गेल्या, ड्रायव्हर म्हणाला. कुणीकडं, ते तिनं सांगितलं नाही.