सारख्या दारांचं जहाज

मुंबई बंदर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. भागूआत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

जहाज सकाळी धक्क्याला लागलं आणि माल चढेपर्यंत दोन तास मोकळे मिळाले, म्हणून लिहायला बसले. फोन केला असता, पण तू निघताना ठणकावलं होतंस की कल्पनाबाईंच्या साक्षरता वर्गात दोन वर्षं पाटी घासली ती काय फोनवर हॅलो हॅलो करायला नव्हे. घे तर, वाच आता. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मी इथं नक्की काय करते ते तू विचारलं होतंस. आमच्या जहाजावर दर फेरीला सातशेच्या वर पाहुणे असतात. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत. उतरताना प्रत्येकाला एक कागद देतात, जहाजात अजून काय सुधारणा हवी ते लिहायला. ते कागद पेटीतून काढायचे, वाचायचे, जेवण, खोली, करमणूक, स्वच्छता अशा रकान्यांत वाटायचे आणि निषाद सरांना, म्हणजे आमच्या साहेबांना, सांगायचं. संध्याकाळी मात्र आम्हा सगळ्यांना गणवेश घालून जेवणघरात वाढायला उभं राहावं लागतं.

कागद वाचताना इतकं हसू येतं ना! पहाटे उठणाऱ्या म्हाताऱ्यांना सात वाजेपर्यंत चहा मिळत नाही, त्यांचं म्हणणं पटतं. न्हाणीत धरायला दांडा हवा, तेही बरोबर. पण एका बाईंनी लिहिलंय की लाटांचा आवाज जरा कमी करावा. आणि सगळ्यात जास्त तक्रार कशाची, सांग? पोहण्याच्या तलावाशेजारच्या खुर्च्यांवर लोक सकाळीच टॉवेल टाकून जागा धरतात आणि दुपारपर्यंत फिरकत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला घरच्या एका माणसाचा पास मिळतो, फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चमध्ये जहाज युरोपाकडं जाणार आणि मीही नऊ महिने त्याच्याबरोबर. आत्या, तो पास तुझा. आई गेल्यावर मला तूच मोठं केलंस, आता मी तुला समुद्र दाखवते. बाबांनाही विचारलं, ते म्हणाले आधी आक्काला ने. कधी येतेस ते कळव.

माया आहे तशीच असू दे, थोडी वाढली तरी हरकत नाही.
तुझी
समीक्षा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
मु. पो. घोटावडे, ता. मुळशी
२२ नोव्हेंबर

चि. समीक्षा हिस भागूआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुज्या बाला वाचून दावलं. त्यो कंपनीतनं आला हुता, ऐकता ऐकता झोपला.

अगं बया, येवढी पंचतारांकित बोट आन टॉवेल टाकून जागा? पौडच्या एष्टीत खिडकीतनं रुमाल टाकत्यात ती आमीच अडाणी म्हणायची व्हय! आन लाटांचा आवाज कमी करा म्हणणारीला धाड हिकडं. आमच्या वाडीवरनं रात्रंदिस कारखान्याचं ट्रक जात्यात. चार दिस राहिली की लाटांच्या पाया पडंल.

मला समदं नीट इचारायचंय, एक एक करून सांग. बोटीवर सातशे माणसांचं पानी कुटनं येतंय? समुद्राचं तर खारट. खरकटं कुटं जातंय? लाट आली की ताटातलं कालवण सांडतंय का? खोल्या किती हायेत, आन त्यांची दारं कशी हायेत? समदी सारखीच का येगयेगळी? आन रातच्याला कुणी आपली खोली चुकलं तर काय करत्यात?

येण्याचं म्हणशील तर औंदा काय जमायचं न्हाई. भाताची झोडणी राहिलीया. दोन मेंढ्या व्यायला आल्यात, त्यास्नी सोडून बोटीत बसायला मी काय पाटलीण हाय? पास तुज्या बाला दे.

जेवत जा. पोट रिकामं ठिवून हासू नगं.
तुजी आत्या
भागूबाई


गोवा बंदर
६ डिसेंबर

ती. आत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न मी निषाद सरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, सातशे पाहुण्यांत एवढी चौकशी कुणी केली नाही. समुद्राचंच पाणी यंत्रात घालून गोडं करतात. खरकटं वाळवून दाबतात, मग बंदरावर उतरवतात. कालवण सांडत नाही, जहाज एवढं मोठं आहे की पुष्कळदा ते चाललंय हेही कळत नाही.

खोल्या चारशे दहा. दारं सगळी सारखी, पांढरी, शेजारी नंबरची छोटी पट्टी. बोळ इतके लांब की टोकाचं माणूस बोटाएवढं दिसतं. आणि तू विचारलंस तसं चुकतात गं माणसं! मागच्या फेरीला हैबतराव म्हणून साताऱ्याकडचे आजोबा होते, एकटेच. खोली विसरले. चष्मा खोलीतच, त्यामुळे नंबर दिसेना. एक तास बोळात फेऱ्या मारल्या पण कुणाला विचारलं नाही. शेवटी रेश्माला, म्हणजे खोल्या झाडणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, ते जिन्यात बसलेले सापडले. उतरताना त्यांनी कागदावर एवढंच लिहिलं, की सगळं छान आहे, फक्त माझी खोली मला सापडावी. तो कागद मी अजून कुठल्याच रकान्यात टाकलेला नाही.

पण आत्या, तुला हे कसं सुचलं? गावात कोण दारं मोजतं? आणि झोडणी पंधरा दिवसांत आटपते, मेंढ्या काय दर महिन्याला विणार आहेत का? खरं कारण सांग. माझ्याशी खोटं बोलताना तू नेहमी मेंढ्या मधे घालतेस.

राग नाही, पण उत्तराची वाट बघतेय हे ध्यानात असू दे.
तुझी
समीक्षा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
घोटावडे
१६ डिसेंबर

चि. समीक्षास आत्याचे अ. उ. आ.

पकडलंस तर. सांगती आता. तुज्या बालाबी ठावं न्हाई, त्याला सांगू नगं.

तू बारावीला हुतीस तवा मी नांद्याला मोठ्या सोसायटीत पोर सांबाळायच्या कामाला लागले हुते, आठवतंय? मालकीण स्नेहलताई, लई भल्या मनाची. दुसऱ्याच दिशी पोराला साळंच्या गाडीत बसवून वर आले. लिफ्ट कुटं थांबली ते कळंना. तवा मला आकडंबी वळखू येत न्हवतं. भाईर आले तर समदी दारं सारखी. येक बेल वाजवली, दुसरंच माणूस. वरच्या मजल्यावर गेले, तितंबी तसंच. चार बेला वाजवल्या. कुणीतरी खाली फोन केला की चोर बाई फिरतीया. वाचमन आला आन माज्या दंडाला धरून समद्यांम्होरनं मला खाली आणली. स्नेहलताई धावत आल्या, त्याच्यावर लई वरडल्या. पण मी परत गेले न्हाई. घरी सांगितलं गुडघं दुखत्यात.

दोनशे मेंढरं लोकांस्नी सारखी दिसत्यात, मला परतेकीचं तोंड येगळं दिसतंय. पण दाराला तोंडच नसतंय गं. आता आकडं येत्यात, वाचाया येतंय, तरी भ्या गेलं न्हाई. तुज्या बोटीवर मला कुणी दंडाला धरून तुज्या सायबाम्होरं उभी केली तर तुजी मान खाली जाईल. म्हणून येत न्हाई. मेंढ्या नुस्त्या नावाला.

त्या साताऱ्याच्या बाबांसाठी मातुर येक सांगती. दोन कळप येका माळावर आलं की आमी आपापल्या मेंढरांस्नी खूण करतो. कुणी गेरूचा पट्टा वढतंय, कुणी गळ्यात लोकरीचा गोंडा बांधतंय. तसं दाराला कायतरी बांधा म्हणावं. त्याला चष्मा लागत न्हाई. सोबत चार गोंडं धाडलं हायेत, आपल्याच मेंढीच्या लोकरीचं. हळदीनं रंगवल्यात.

वाईट वाटून घेऊ नगंस. जीव हाय तितं पत्रं येत राहू दे.
भागूआत्या


मुंबई बंदर
२९ डिसेंबर

ती. आत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले आणि मग भयंकर चिडले. त्या वॉचमनवर, आणि तुझ्यावरही. सात वर्षं एकटीनं मनात ठेवलंस! गुडघ्याला तेल चोळून द्यायची मी रोज. दुखत नव्हते तर तोंडानं सांगायचं होतंस की.

गोंडे घेऊन सरांकडं गेले. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण म्हणाले की असल्या जहाजाला हे शोभणार नाही, लोक हसतील. मग मी नियमांचं अख्खं पुस्तक चाळलं. पाहुण्यानं आपल्या दाराला काही अडकवू नये, असं त्यात कुठंही नाही. नाताळच्या फेरीला हैबतराव आजोबा नातवंडांना घेऊन परत आले, त्यांच्या कानात मी हळूच सांगितलं. त्यांनी कडीला आपली माकडटोपी अडकवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी गजरा बांधला. पलीकडच्यांनी पोराचा मोजा. तिसऱ्या दिवशी तो बोळ असा दिसत होता की काय सांगू. सर आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले, पण एकही वस्तू काढायला लावली नाही. त्या बोळातल्या एकाही कागदावर खोली सापडत नाही अशी तक्रार नाही.

एक गोंडा मी तुझ्या दारासाठी ठेवून घेतलाय. १९ जानेवारीच्या फेरीचा पास तुझ्या नावानं काढला. एक गोष्ट आधीच सांगते, मी कामावर असेन. पाहुण्यांच्या टेबलाला बसायची आम्हाला परवानगी नाही, घरचं माणूस असलं तरी. पण दिसत राहीन. आणि दंडाला धरून तुला कुणी आणलंच, तर ती मीच असेन, एवढं कबूल कर.

नाही म्हणणारं पत्र टाकू नकोस, ते मी फोडणार नाही.
तुझी
समीक्षा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
घोटावडे
२६ जानेवारी २०२६

चि. समीक्षास आत्याचे अ. उ. आ.

सुखरूप पोचले. अजून जमीन हलतीया. तुजा बा म्हणतो आक्का प्यालेल्यावानी चालती.

गाव समदा इचारायला येतोय आन मी तीच तीच गोष्ट नव्यानं सांगती. पानी गोडं करायचं यंत्र बघाया मिळालं न्हाई ह्याची मातुर चुटपुट हाय. त्या इंजनवाल्या सायबाला मी तीनदा इचारलं, त्यो लाजला. तलावाकडंच्या खुर्चीवर कुणाचा टॉवेल हुता. सकाळपास्नं धनी आला न्हाई. मी त्याची चांगली घडी घातली, बाजूला ठिवली आन बसले. माज्या मागनं आनिक चार बाया तसंच करून बसल्या.

आन आईक. पयल्या दिशी मी गोंडा बगत बगत खोलीपर्यंत गेले, भ्या लई वाटत हुतं. दुसऱ्या दिशी जरा कमी. तिसऱ्या दिशी मी मुद्दाम चुकले. खालच्या मजल्यावर उतरले, वळकीचं कायबी न्हवतं तितं फिरले. नंबर वाचत, मोठ्यांदा वाचत. दोन तास. मग माजी मीच वर आले. तुला तवा सांगितलं न्हाई, तू कामात हुतीस.

येक गोष्ट मातुर मनाला लागली. ती हितं लिवत न्हाई. तुज्या पेटीतल्या कागदावर लिवलीया. पाहुण्यास्नी इचारता ना काय सुधारायचं, मंग मीबी पाहुणीच हुते.

युरपात थंडी आसंल, कानाला बांधत जा. मी चांगली हाय, माजी काळजी तितं न्हेऊ नगं.
भागूआत्या


मुंबई बंदर
११ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

सहाशे नव्वद कागदांत तुझा कागद तीनशेच्या आसपास निघाला. अक्षर बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. तू लिहिलं होतंस, की जेवान चांगलं हुतं पर मला ग्वाड लागलं न्हाई, कारण माजी भाची तीन दिस माज्या ताटाशेजारी उभी हुती. जिला मी भरवलं तिनं मला वाढायचं आन मी बसून खायाचं, हे मला जमलं न्हाई. ज्याचं माणूस आलंय त्या कामकऱ्याला येक येळ तरी संगं बसून जेवू द्यावं. खाली पूर्ण सही, भागूबाई.

आत्या, मीही तीन दिवस तिथं उभी राहून हेच मनात म्हणत होते. तुझ्याकडं बघायचं टाळत होते, तुला वाटलं असेल कामात आहे.

कुठल्या रकान्यात टाकावा ते कळेना. जेवण म्हणावं तर जेवणाबद्दल नाही. शेवटी रकाना न लिहिता कागद तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. कुणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका पाहुण्यांचा. ते तो वरच्या साहेबांकडं घेऊन गेले. पाचव्या दिवशी सरांनी सांगितलं की यापुढं दर फेरीच्या शेवटच्या दुपारी, ज्याच्या घरचं माणूस आलंय त्यानं गणवेश उतरवून त्याच्याबरोबर जेवायला बसायचं.

परवा पहिली पाळी रेश्माची होती. तिचे वडील आले होते. ती साडी नेसून आली आणि खुर्चीवर अशी बसली, जणू कुणी उठवणारच आहे. वडिलांनी घास हातात घेतला आणि तिच्याकडं बघत राहिले. मग दोघं एकदम एकाच वेळी बोलायला लागले.

तुझ्याबरोबर तसं बसायला मला मिळालं नाही, आणि आता नऊ महिने मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतं. रडू आवरत नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण त्या टेबलाला मी होते, आत्या. दोघांना वाढलं मी.

प्रत्येक कागदाच्या खाली आमच्यासाठी एक ओळ छापलेली असते, सुचवणाऱ्याला निर्णय कळवला का, हो किंवा नाही. तुझा कागद माझ्याकडं परत आलाय, त्यावर ती ओळ अजून कोरी आहे. हे पत्र पोस्टात टाकते आणि मग तिथं हो लिहिते.

तुझी
समीक्षा