सोमवारची पोटदुखी

अरे,

शाळेतल्या बाईंचं पहिलं पत्र मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि उत्तर दिलंच नाही. ते ‘पालकांना’ होतं. आपण कशाला मध्ये पडा, असं वाटलं. परवा दुसरं आलं: चिमी शाळा बुडवते, पालकांनी तिला समज द्यावी.

समज कोणाला द्यायची? तुझ्या मुलीचं पोट दर सोमवारीच कसं दुखतं? इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचे असतात त्याच दिवशी? काल विचारलं, तर म्हणालास, “अप्पा, तुम्ही आपलं पुस्तक वाचा.” पोर मान खाली घालून शर्टांच्या घड्या घालत होती. बापासाठी तिला खोटं बोलावं लागतं, याची तरी लाज वाटू दे.

समोर बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितोय. तू झोपेत असताना तिला शाळेत सोडून आलो. रोज सोडणार. गाठोडी दुकानात आहेत, ती तू पोचव. चहा झाकून ठेवलाय.

बाईंना लिहिलं, “मुलगी शाळा बुडवत नाही, तिचा बाप बुडवतो.” पालक म्हणून सही मीच केली. येताना पत्र पेटीत टाकलं. आता मलाही ते परत काढता येणार नाही.

अप्पा