काहीच बिघडत नाही

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बँकेच्या साहेबांनी बजावल्याप्रमाणे चार मिस्त्री कमी केले का, असं तू विचारलंस. नाही केले. उलट आठही जणांना पगार चालू ठेवून शिकायला धाडलं आहे. आपण दुरुस्त केलेली लिफ्ट पंधरवड्यात पुन्हा बंद पडते आणि गिऱ्हाईक तुटतं. माणसं काढून ते कसं परत येणार?

आपण काम कशासाठी करतो, असंही सगळ्यांना विचारलं. नाना मिस्त्री म्हणाले, पगारासाठी. बाकीचे म्हणाले, नाना म्हणतात तेच. म्हणून ‘माणूस मध्येच अडकू नये’ हे ध्येय भिंतीवर रंगवून घेतलं. पेंटरने अक्षरं इतकी मोठी काढली की भिंतीवर ‘माणूस मध्येच’ एवढंच मावलं. ‘अडकू नये’ संडासाच्या दारावर आहे.

दाजींना नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
ढब्बू

१९ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

आपली लिफ्ट दुरुस्तीची कंपनी आहे, मठ नव्हे. बाबांनी निम्मी कंपनी माझ्या नावावर केली ती तुझा स्वभाव ओळखूनच. हे म्हणतात, करू दे त्याला. ह्यांना सगळ्यांबद्दल असंच वाटतं, म्हणून तर घर मला चालवावं लागतं. हिवाळ्यापर्यंत फरक दिसला नाही तर मी येईन आणि चौघांना काढण्याच्या पत्रांवर स्वतः सही करीन.

जेवण वेळेवर घेत जा. तुझ्या काळजीने मी वाळले आहे, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहा.

ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंडळी शिकून आली आणि आता काहीच बिघडत नाही. आपल्याला पैसे मिळतात दुरुस्तीचे, आणि फोन कित्येक दिवसांत वाजलेला नाही. तोच बंद पडला असेल म्हणून उचलून पाहिला. ठणठणीत आहे; तोही आपल्याच माणसांनी नीट केलाय. रिकामपणी त्यांनी समोरच्या डॉक्टरांचा वजनकाटा दुरुस्त केला. त्यांचे सगळे पेशंट एका दिवसात जाड झाले, तेव्हापासून डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत.

काल हताश होऊन मी नानांना सुचवलं की एखादा स्क्रू जरा सैल ठेवला तर काय बिघडेल. त्यांनी माझा हात धरून मला संडासाच्या दारासमोर नेऊन उभं केलं. मी वाचलं आणि परत आलो.

ताई, माझं चुकलं का गं?

ढब्बू

१६ नोव्हेंबर

चि. ढब्बूस आशीर्वाद.

चुकलं की नाही ते बघायला सोमवारी येते. चार पत्रं टाईप करून ठेव. आणि रडत बसू नकोस, तुला शोभत नाही.

ताई

२ डिसेंबर

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

ताई अजून का परतली नाही, ते कळवतो.

ती सहीसाठी पेन उघडत होती, तेवढ्यात फोन वाजला. आपण लिफ्ट बघतो त्या एका इमारतीतल्या, पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. लिफ्ट अडकली म्हणाल्या. आमचा कुणाचाच विश्वास बसेना. ताई नानांबरोबर जातीने गेली, तर बाईंनीच लिफ्टच्या दारात खुर्ची घालून ठेवलेली. त्या सरळ म्हणाल्या, लिफ्ट बिघडायची तेव्हा नाना यायचे, चहा घ्यायचे, दोन शब्द बोलायचे. आता कुणी येत नाही. ताई संध्याकाळपर्यंत तिथेच बसली.

परतली ती पदर खोचूनच. सगळ्या इमारतींना कळवून टाकलं की आता बिघाडाचे पैसे नकोत, न बिघडल्याचे दरमहा द्या. मिस्त्री दर महिन्याला येऊन जाईल. बाईंच्याच इमारतीचा चिटणीस म्हणाला, बिघडतच नाही तर पैसे कशाचे? मुख्याध्यापिका बाईंनी त्याला भर सभेत विचारलं, मागच्या वर्षी सासूबाईंबरोबर लिफ्टमध्ये किती वेळ अडकला होतास? त्याने वर्षभराचे आगाऊ भरले.

आता एवढ्या भेटींना आठ जण पुरेनात. चौघांना काढायला आलेली ताई दोघं नवीन घेते आहे. माझी खुर्ची तिने घेतली आहे. मी स्टुलावर असतो.

घरी कधी जाणार, हे तिला विचारायची माझी छाती नाही. तुम्हाला फारच करमेनासं झालं, तर तुमच्या इमारतीची लिफ्ट बिघडल्याचं कळवा. तक्रार आली की ती स्वतःच धावते.

इथे स्टुलावर बसलेल्यावर तुमचा लोभ राहू द्या.

तुमचा,
ढब्बू