गाडी निघाली

१ सप्टेंबर २०१६, गुरुवार

आज रुजू झाले. उमरखेडहून पहिली एसटी, यवतमाळला बदल, आणि साडेदहाला बाभुळगावच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले तर समोरच गाडी उभी. पांढरी, नुकतीच धुतलेली, आरशाला लिंबू-मिरची. इतकी छान दिसली की मी एकटीच हसले. सहा वर्षं आयुर्वेद शिकून अखेर रुग्णवाहिकेवर डॉक्टर झाले, आणि त्याचं मला आज जराही वाईट वाटलं नाही.

ड्रायव्हर लखीराम राठोड, पन्नाशीचे, जवळच्याच तांड्यातले. त्यांनी माझी बॅग उचलली आणि म्हणाले की डॉक्टर पाठवतो म्हनलं होतं, ही तं लेक पाठवली. मी त्यांना भाऊ म्हणायचं ठरवलं. आमची ड्यूटी आठ ते आठ. रात्री दुसरे दोघं येतात. बसायला ग्रामपंचायतीची जुनी खोली. दोन खाटा, बंद कूलर आणि लखीरामभाऊंनी घरून आणलेला टीव्ही. राहायची सोय मागच्या गल्लीत कांताबाईंकडे, एक खोली आणि मोरी. खिडकीतून कपाशीची पऱ्हाटी दिसते, हिरवीगार, कमरेच्या वर.

५ सप्टेंबर, सोमवार

काम कळायला लागलं. कंट्रोल रूमचा फोन येतो, ते गाव सांगतात, आपण ‘निघालो’ म्हणायचं. हे एका मिनिटाच्या आत म्हणायचं. नाही म्हटलं तर त्यांच्या पडद्यावर आपली गाडी लाल होते आणि संध्याकाळी खुलासा मागतात. म्हणून इथली रीत अशी की आधी ‘निघालो’, मग चहाचा शेवटचा घोट, मग चप्पल, मग गाडी. लखीरामभाऊंचं म्हणणं, सगळ्या जिल्ह्यात असंच चालते मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेता.

दुपारी एक ते दोन आम्ही मालिका बघतो. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या शहरातली, हिंदीत आणलेली. तिथे पोलीस, अग्निशमनवाले आणि रुग्णवाहिकावाले एकाच फोनवर धावतात. माणूस लिफ्टमध्ये अडकला तरी तीन गाड्या. लखीरामभाऊ म्हणतात, तिथं एका मांजरीमागं तीन गाड्या अन् इथं चाळीस गावांमागं मी एकटा. त्यांची आणखी एक तक्रार आहे. गाडीचं दार धाडकन लागतं आणि लगेच जाहिरात. पुढे त्या पेशंटचं काय होतं, कोणत्या दवाखान्यात नेलं, ते कधीच दाखवत नाहीत. मी म्हटलं, दाखवलं तर रांगाच दाखवाव्या लागतील. ते खूप हसले.

मला मालिका आवडते. त्यातली रुग्णवाहिकेवरची बाई कधी दमत नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार

फवारणीचे दिवस. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे, त्यामुळे पंपाचं औषध सरळ तोंडावर येतं. आज चार केसेस. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला तोच गोड उग्र वास. विषावरचं ॲट्रोपिन देते, ऑक्सिजन लावते, यवतमाळला पोहोचवते, परत येते, पुन्हा फोन. अंघोळ केली तरी केसांतून वास जात नाही. आईला फोन करायचा राहून गेला. ती म्हणेल, तुले बोलायलेबी टाइम नाही.

गावांमधूनही टोमणे ऐकावे लागतात. ती मालिका सगळेच बघतात. आज एका म्हाताऱ्याने विचारलं, टीव्हीत तं दोन मिनिटांत येते, तुमची काय बैलगाडी हाय काय?

२७ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

एक वीसला फोन आला. नऊ किलोमीटरवरचा तांडा, भावसिंग, वय अठ्ठावीस, फवारताना पडला. लखीरामभाऊ हात धूत होते म्हणून ‘निघालो’ मीच म्हटलं. मालिकेचा हा शेवटचा आठवडा. इमारतीला आग लागली होती आणि ती बाई आत अडकली होती. मी लखीरामभाऊंना म्हटलं, जाहिरात लागली की उठू. जाहिरात लागायला अकरा मिनिटं लागली. हे मी केलं, त्यांनी नाही.

पोहोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. तांड्यात रडारड नव्हती. भावसिंगची आई जमनी ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, काय इसरलं बाई? मी विचारलं पेशंट कुठे आहे. ती म्हणाली, नेला ना तुम्ही. मला वाटलं कुणाची जीप मिळाली असेल. पण भावसिंगची बायको राखी म्हणाली की हीच गाडी होती, हेच ड्रायव्हरभाऊ होते. अन् तूच तं होती. पाच मिनिटांत आलते तुम्ही, टीव्हीतल्यासारखे.

लखीरामभाऊ जाऊन गाडीत बसले. परत येताना त्यांनी गाडी फार हळू चालवली.

२८ सप्टेंबर

भावसिंग यवतमाळच्या दवाखान्यात नाही. बाभुळगावलाही नाही. राखी आणि तिचा भाऊ सगळे वॉर्ड बघून आले. मी खाजगी दवाखान्यांना फोन केले. कुठेच नोंद नाही.

३० सप्टेंबर

प्रत्येक पेशंटचा कागद मी भरते, खाली कार्बन. आज पॅड चाळताना २७ तारखेची प्रत सापडली. भावसिंग, वय २८. पोहोचण्याची वेळ १.२७. नाडी, रक्तदाब, ॲट्रोपिन किती दिलं, सगळं लिहिलेलं. अक्षर माझं. माझा ‘र’ असाच पडतो. सही माझी.

कोणत्या दवाखान्यात नेलं, तो रकाना कोरा आहे.

१.२७ ला मी खाटेवर बसून आग बघत होते.

३ ऑक्टोबर, सोमवार

जमनी सकाळपासून खोलीच्या पायरीवर बसली होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. म्हणाली, तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याले बेटा म्हनलं, असं कोनी डाक्टर बोलत नाही. फक्त दवाखान्याचं नाव सांग बाई, मी पायी जाते.

मी खरं सांगितलं. ती मी नव्हते, मी उशिरा आले. जमनीने भाकरी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, थकली हायेस तू. त्या दिवशी आलती ती नव्हती थकली.

पोलीसही येऊन गेले. कंट्रोलच्या नोंदीत गाडी वेळेवर पोहोचलेली आहे. त्यांनी मलाच विचारलं की मग तक्रार काय आहे.

५ ऑक्टोबर

लखीरामभाऊंनी आज तोंड उघडलं. आधीच्या डॉक्टरांच्या वेळी असं दोनदा झालं. दोन्ही वेळा ‘निघालो’ म्हणून हे दोघं बसून राहिले होते. एकदा जेवण, एकदा मॅच. दोन्ही पेशंट नेले गेले, दोन्ही सापडले नाहीत. डॉक्टर राजीनामा देऊन गेले. मी विचारलं, मला पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? ते म्हणाले, तुम्ही माह्यं ऐकलं असतं काय? मग म्हणाले, मॅडम, आपन निघालो म्हनलं, तं कोनीतरी निघते.

६ ऑक्टोबर

टीव्हीची वायर काढून ठेवली. नवा नियम असा की फोन आला की आधी धावायचं आणि चाकं फिरल्यावरच ‘निघालो’ म्हणायचं. आज पाच वेळा तसं केलं. दोनदा अनवाणी. पाचही पेशंट जागेवर सापडले. पाचव्याच्या घरी मी इतकी हसले की त्याची बायको घाबरली.

९ ऑक्टोबर, रविवार

आई आली. मातोश्री पंचफुलाबाईंनी आल्या आल्या खोली झाडली आणि कांताबाईंशी मैत्रीही केली. दोघी मिळून मला नावं ठेवतात. लखीरामभाऊंना जयभीम घातला, त्यांनीही घेतला. वेचणीवर जायची नाही असं तिने कबूल केलं आहे. तिचा दमा वाढलाय. जन्मभर कापसाची धूळ खाल्ली.

रात्री म्हणाली, काय चेहरा झाला तुहा. मले वाटलं डॉक्टरीण होऊन सुखी होशील.

तिला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती घाबरेल, आणि घाबरली की तिला धाप लागते.

१४ ऑक्टोबर

कंट्रोलची नोटीस. आठवड्यात एकोणीस वेळा गाडी लाल. खुलासा काय लिहू?

झोप नाही. बसते तिथे डोळे मिटतात.

१६ ऑक्टोबर, रविवार

आम्ही निघालो होतो. खरंच. चाकं फिरल्यावर म्हटलं. तीन किलोमीटरवर टायर गेला. लखीरामभाऊ जॅक लावत होते, मी पाने देत होते. मागून सायरन आला. आमचाच.

पांढरी गाडी. आरशाला लिंबू-मिरची. तोच नंबर. चालवणारे लखीरामभाऊ. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. मागच्या काचेतून एक पाठमोरी बाई दिसली, केस नीट बांधलेले, हातात मास्क तयार धरलेला. तिने मान वळवली नाही. धूळ उडाली. धूळ खरी होती, माझ्या तोंडात गेली.

लखीरामभाऊ रस्त्यावरच बसले.

पेशंट बाई होती, बाळंतीण. पोहोचलो तेव्हा —

पॅडमध्ये प्रत आहे. माझं अक्षर. रकाना कोरा.

१७ ऑक्टोबर

म्हणजे उशीर कशाने का होईना, त्या गाडीतल्यांना चालतो. कशानेही. मी बसले काय आणि टायर गेला काय.

‘निघालो’ म्हणायचंच नाही, असं लखीरामभाऊ म्हणतात. पण म्हटलं नाही तर कंट्रोल दुसरी गाडी सांगतं, ती दीड तासावर. तेवढ्यात माणूस जातो. खरंच जातो.

राजीनामा लिहिला. महिनाभराची मुदत आहे.

१८ ऑक्टोबर

आईला आज उमरखेडला पाठवणार होते. ती म्हणाली, दोन दिवस राहू दे, तुले कोन जेवू घालीन? मी हो म्हटलं. तिने डोक्याला तेल लावलं. तिच्या मांडीवरच झोपले.

१९ ऑक्टोबर, बुधवार. गाडीत

पॅडच्या पाठीमागे लिहिते आहे. हात काही करत असला की बरं.

सकाळी पेशंट यवतमाळला सोडला. परत निघालो. १०.४० ला कंट्रोल. पंचफुला, वय छप्पन, धाप, कांताबाईंनी फोन केला. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. चाकं फिरत होती. आम्ही खरंच निघालो होतो. पंचवीस मिनिटं. दुसरी गाडी दीड तासावर. आईचा श्वास दीड तास —

मी ‘निघालो’ म्हटलं.

१०.५२. रस्ता बंद. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको. ट्रॅक्टर आडवे, रस्त्यावर कापूस ओतलेला, माणसं बसलेली. सायरन ऐकून उठताहेत. हात जोडताहेत. ट्रॅक्टर हलवतो म्हणताहेत. एकाचा सुरू होत नाही. लखीरामभाऊ खाली उतरून स्वतः ढकलताहेत, रडताहेत.

१०.५८. आईचा फोन लागत नाही.

कांताबाईंचाही —

११.०३. लागला. आईने उचलला. श्वास मोकळा, एकदम मोकळा. म्हणाली, फोन कायले करते वो माय, समोर तं बसून हायेस.

आई उतर, म्हटलं. गाडीत बसू नको, कांताबाईला आवाज दे, ती मी नाही.

हसली. म्हणाली, काय गंमत करते, हात तं तुहाच हाये. आज किती दिवसांनी तुहा चेहरा असा निवांत पाहून राह्यली मी.

दार लागल्याचा आवाज आला. धाडकन.

आई, तिला विचार. कुठे नेते आहे. दवाखान्याचं नाव विचार. एवढंच विचार, आई.

थांब, म्हणाली. विचारते आहे. मला ऐकू येतंय, माझाच आवाज, हळू, घाई नसलेला —

आई म्हणते, ती म्हणते की